मामंजींचे उद्योग

माझ्या सासऱ्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते हाफ पँटमध्ये होते.

प्रसंग मला पाहायला येण्याचा होता. रामटेकच्या आमच्या घरी सकाळपासून पोह्यांची आणि पाहुण्यांना बसवायच्या खुर्च्यांची गडबड चालली होती. नागपूरहून गाडी आली. मुलगा उतरला, त्याची आई उतरली, एक आत्याबाई उतरल्या. माझ्या वडिलांनी वाकून गाडीत पाहिलं आणि विचारलं, "मुलाचे वडील?" होणाऱ्या सासूबाईंनी पदर सारखा केला. रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "येऊन राहिले. ते मनसरले उतरले."

मनसर आमच्या घरापासून चांगलं लांब आहे. तिथे त्यांचं काही काम निघालं का, तब्येत बिघडली का, असं वडील विचारत होते, तेवढ्यात कोपऱ्यावरून एक उंच, वाळका, घामाने निथळणारा माणूस धावत येताना दिसला. अंगात बनियन, पायात कॅनव्हासचे बूट, कमरेला पोलिसांकडे असतो तसा एक हँडसेट. दारात थांबून त्यांनी आधी त्या हँडसेटमध्ये हिंदीत कुणाला तरी सांगितलं, मी मुलीच्या घरी पोचलो, माझा आवाज कसा येतोय ते सांगा. मग माझ्या वडिलांना नमस्कार केला आणि म्हणाले, "तुमची गच्ची पाहू शकतो काय जी? इथून टेकडी मधात येते, सिग्नल अडून राहिला."

पोहे गार झाले तरी ते गच्चीवरच होते. तरीही लग्न ठरलं. "माणूस चक्रम आहे, पण आतबाहेर एकच आहे," असं आई म्हणाली. ते खरंच होतं. फक्त तो एकच माणूस एका वेळी किती गोष्टी करतो, याचा अंदाज तिला एका सकाळीत आला नाही. मला यायला महिनाभर पुरला.

मामंजी खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले होते. नोकरीचा सगळा काळ त्यांनी कंट्रोल रूममध्ये काट्यांकडे आणि दिव्यांकडे बघत काढला. तिथे बोलायला कुणी नसायचं. त्या न बोलण्याची भरपाई म्हणून की काय, नोकरीत असतानाच त्यांनी परीक्षा देऊन हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेखातर घरून रेडिओवर बोलायचा, परवाना काढला आणि गोधनी रोडवरच्या आमच्या घराच्या गच्चीवर एवढा मोठा अँटेना उभारला, की रिक्षावाल्याला पत्ता सांगताना सारी गल्ली "त्या तारवाल्या घराजवळ" असंच सांगे. सकाळी देशभरातली त्यांच्यासारखी मंडळी ठरलेल्या वेळी रेडिओवर जमत. कोचीचे एक मेनन, जबलपूरचे एक सरदारजी, असामचे एक चहामळेवाले. ही मंडळी एकमेकांना काय सांगत? तर आवाज कसा येतोय. तुमचा चांगला येतोय. माझा कसा येतोय? त्यापलीकडे हवापाणी. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना हे रोज ऐके आणि मनात म्हणे, एवढा खर्च करून आवाज पोचवता आहात, तर काही तरी सांगा ना एकमेकांना.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीआधी मी पडदे आणि साड्या धुवून गच्चीवर वाळत घातल्या. दोऱ्या कमी पडल्या म्हणून एक ओली साडी तिथेच ताणलेल्या एका तारेवर टाकली. खालून मामंजी धडधडत वर आले. चेहरा उतरलेला.

"सुनबाई, मेनन गेले वं!"

माझा हात तोंडावर गेला. "अरे देवा. कधी?"

"आत्ताच. तुह्या साडीनं."

साडी काढल्यावर मेनन परत आले. मला मात्र दिवसभर कुणाला तरी मारून जिवंत केल्यासारखं वाटत राहिलं. नवरा मौदा इथल्या वीज प्रकल्पात पाळीवर होता. संध्याकाळी त्याला सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, "माझ्या मुंजीत गुरुजींच्या मंत्रांच्या मधात चंदिगड लागलं होतं." नितीन असाच. वडिलांबद्दलची माझी कुठलीही तक्रार त्याला त्याच्या लहानपणाची आठवण करून देई आणि तक्रार तिथेच संपे.

रेडिओ एवढ्यावर थांबला असता तर मी काही बोलले नसते. पण पहाटे ते पळायला जात. नोकरीत असताना त्यांना खर्ऱ्याची, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीची, सवय होती. ती सोडताना हात आणि तोंड रिकामं राहीना, म्हणून ते पळायला लागले आणि मग थांबलेच नाहीत. गोरेवाड्याच्या रस्त्याने जात, तलावाकडून वळून येत. पळण्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. माझं म्हणणं परत येण्याबद्दल होतं. "धावता धावता डोकं चालते," असं ते म्हणत, आणि ते खरोखर चाले. प्रत्येक धावेतून ते एक नवी कल्पना घेऊन घरी येत, आणि बरेचदा त्या कल्पनेला लागणारं सामानही वाटेत उचलून आणत. सायकलचं चाक. फुटका ड्रम. कुणीतरी फेकलेली पंख्याची पाती. दार उघडताना सासूबाई आधी त्यांचे हात पाहत, मग चेहरा.

मग ती कल्पना सुरू होई. ती अर्ध्यावर येईपर्यंत रेडिओवर जमायची वेळ होई. तिथून उठेपर्यंत ऊन चढे. दुसऱ्या दिवशी पहाटे पळताना दुसरी कल्पना येई. या चक्रात गच्ची भरत गेली. संत्र्याच्या सालींपासून तेल काढायचं भांडं, सांडगे वाळवायची काचेची पेटी, गांडुळांचा हौद, पाऊस मोजायची नळी, सायकल मारून चालवायचं धान्य दळायचं यंत्र. त्या यंत्रात एकदाच ज्वारी दळली, तीही मी दळली, आणि दोन भाकऱ्यांच्या पिठासाठी माझे पाय आठवडाभर दुखले. एखादी वस्तू पुरी झाली का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं होतं, "होऊन राहिलं ना वं." झालं असं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. मी शाळेत मराठी शिकवते. क्रियापदाचं हे एकच रूप घेऊन माणूस सगळं आयुष्य काढू शकतो, हे मला कुठल्याच व्याकरणात सापडलं नव्हतं.

मे अखेरचा, सगळ्यात कडक उन्हाचा नवतपा लागला होता तेव्हाची गोष्ट. माझी आई रामटेकहून चार दिवस राहायला आली होती. बाहेर आग ओतत होती. दुपारी मी बाजारातून आले तर बैठकीत आई भिंतीला टेकून ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेली, आणि कूलरच्या जागी खिडकीला चौकोनी भोक. कूलर गच्चीवर होता. हवेतला ओलावा वाढला की पंप आपोआप बंद व्हावा, असं काहीतरी मामंजींना पहाटे सुचलं होतं. मी वर गेले. ते कूलरच्या सुट्या भागांच्या मधात मांडी घालून बसले होते, उन्हाचं भानही नव्हतं.

"मामंजी, आई भाजून निघतेय."

"दोन मिनिटं. होऊनच राहिलं. मंग पाह्यजो, कूलर स्वतःच्या मनानं चालन."

"आपला कूलर आधी आपल्या मनाने चालत होता, तेवढं पुरे होतं."

संध्याकाळपर्यंत नितीनने शेजाऱ्यांकडून टेबल पंखा आणला. आईने एका शब्दाने तक्रार केली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. जाताना ती फक्त एवढं म्हणाली, "तुझे सासरे पाणी विचारायला मात्र तीनदा खाली आले हो." मला ते ठाऊक नव्हतं.

आणि या सगळ्याच्या वर होती आपत्ती. मोठी आपत्ती आली की मोबाइल, वीज, सारं बंद पडेल आणि तेव्हा हॅमवालेच निरोप पोचवतील, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. त्यासाठी एक पिशवी तयार असे. बॅटरी, हँडसेट, टॉर्च, चणे. दर पावसाळ्यात ते आभाळाकडे आशेने बघत. आपत्ती काही आली नाही. मला तर वाटे, ती आमच्याच गच्चीवर मुक्कामाला आहे, आणखी कुठून यायची?

मग त्यांचा आवाज बसला.

आधी आम्हाला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. रेडिओवर ते कमी बोलू लागले. ते म्हणाले थंडी आहे, मग म्हणाले धूळ आहे, मग फोडणीचा ठसका. वाफ घ्यायला त्यांनी प्रेशर कुकरला नळी जोडून एक यंत्र केलं, त्यात माझा कुकर गेला. घसा तसाच. पळून आले की दम लागल्यासारखा खरखरीत श्वास ऐकू येई. शाळेतून घरी येताना एकदा मी त्यांना गल्लीच्या टोकाला पाहिलं. ते भाजीवाल्याला काही सांगत होते आणि भाजीवाला कान पुढे करून पुन्हा पुन्हा विचारत होता. शेवटी त्यांनी बोटाने वांगी दाखवली. त्या दिवशी मी चपला काढल्या नाहीत. त्यांना म्हटलं, "चला." ते म्हणाले, सरदारजींना रेडिओवर दुपारची वेळ दिली आहे, ते वाट पाहत असतील. मी म्हटलं, "सरदारजींना वाट पाहू द्या," आणि रिक्षा थांबवली.

स्वरयंत्रात गाठ होती. खर्रा सुटून किती तरी वर्षं झाली होती, पण त्याने त्यांना सोडलं नव्हतं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं. सगळं स्वरयंत्र काढावं लागेल. श्वासासाठी गळ्याला कायमचं छिद्र राहील. जीव वाचायची आशा चांगली आहे. आवाज राहणार नाही.

घरी येऊन मामंजी म्हणाले, ऑपरेशन करायचं नाही.

नितीनने समजावलं. आत्याबाई येऊन रडून गेल्या. डॉक्टरांनी फोन केला. ते एकच वाक्य त्या फाटक्या आवाजात पुन्हा पुन्हा म्हणत, "माहा आवाज गेला त मंग मी राहिलो कोन?" सासूबाई मेथी निवडत बसून राहत. दिवस चालले होते आणि गाठ काही आमच्या चर्चेसाठी थांबणार नव्हती.

एका रविवारी सकाळी, चहाच्या वेळी, ते पुन्हा तेच म्हणाले आणि माझा तोल गेला. इतक्या वर्षांत मी त्यांना उलटून बोलले होते, पण ओरडले कधी नव्हते.

"मामंजी, तुमच्या आवाजाला आम्ही सगळे कंटाळलो आहोत! पहाटेपासून ऐकतोय. आवाज येतोय का, आवाज येतोय का. आम्हाला नकोय तुमचा आवाज. आम्हाला तुम्ही पाहिजे."

कपबशी हातात धरून ते सासूबाईंकडे वळले. "हे खरं हाय काय वं?"

सासूबाईंनी मेथीतून मान वर केली नाही. "खरं हाय," म्हणाल्या. आणि मग त्यांची बोटं थांबली, आणि परातीतल्या पानांवर टपटप पाणी पडायला लागलं.

मामंजींनी चहा संपवला. "किती तारखेले म्हणते डॉक्टर?" त्यांनी विचारलं.

दवाखान्यात भरती व्हायच्या सकाळी ते रेडिओवर बसले. मी डबा भरत होते, दार उघडं होतं. पूर्वी परवान्यासाठी मोर्स शिकावा लागला होता, पण टिंबं आणि रेघांची ती टकटक त्यांना कधी आवडली नव्हती. बोलता येत असताना टकटक कायले करायची, असं म्हणत. त्या सकाळी त्यांनी हिंदीत सगळ्यांना सांगितलं, "कल से मेरी आवाज नहीं आएगी. मोर्स पे मिलूँगा. मेरा मोर्स बहुत कच्चा है, आप लोग जरा धीरे भेजना." मग मेनन त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "आप धीरे भेजो. हमारे पास टाइम बहुत है." त्यामागून एकेक जण आला. सरदारजी, चहामळेवाले, मी नावं न ऐकलेली कितीतरी माणसं. प्रत्येक जण एवढंच म्हणत होता, आपकी आवाज साफ आ रही है. मला वाटे यांना सांगायला काही नाही. डब्याचं झाकण माझ्याकडून लागेना.

ऑपरेशन थिएटरच्या दारात आम्ही तिघं त्यांच्या ओठांकडे बघत उभे होतो. आता ते जे बोलतील ते शेवटचं, हे सगळ्यांना माहीत होतं. सासूबाईंनी त्यांचा हात धरला होता. मामंजींनी एकदा नितीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "गच्चीवरचा नळ चालू राहिला वाटते."

स्ट्रेचर आत गेलं. सासूबाई कितीतरी वेळ संतापाने धुमसत होत्या. "एवढ्या वर्षांचा संसार, अन् शेवटचं बोलणं नळाचं!" नितीन घरी पळाला. नळ खरंच चालू होता.

त्यानंतरचे महिने मला आठवायला नको वाटतात. जखम भरली, नळ्या निघाल्या, तपासण्या चांगल्या आल्या. पण मामंजी खिडकीत बसून राहत. आम्ही त्यांना शाळेतली पाटी आणून दिली होती. तिच्यावर ते "पाणी" आणि "नको" एवढंच लिहीत. मोर्सची टकटक करायची किल्ली रेडिओशेजारी धूळ खात होती. बूट पलंगाखाली. मेनननी दोनदा फोन करून नितीनला विचारलं. इतकी वर्षं ज्या घरात एक मिनिट शांतता मिळावी म्हणून मी तरसले होते, तिथे आता एवढी शांतता होती की पोळी तव्यावर फुगल्याचा आवाज येई. मी मुद्दाम भांडी आपटू लागले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एक दिवस मी शाळेतून आले आणि चटणी वाटायला मिक्सर काढायला गेले, तर ओट्यावर नुसतं भांडं होतं. खालचं यंत्र गायब. गच्चीवरून घरघर ऐकू आली. मी एकेक पायरी चढत वर गेले. मामंजींनी मिक्सर उघडून त्याची मोटर एका बादलीवर उलटी बसवली होती आणि पाण्याचे बारीक तुषार सगळीकडे उडत होते. गळ्यातल्या छिद्रातून नागपूरची कोरडी हवा थेट छातीत जाते, म्हणून डॉक्टरांनी हवा दमट ठेवायला सांगितलं होतं. बाजारात त्यासाठी तयार यंत्र मिळतं. पण ते आणायचं कसं सुचणार?

"मामंजी, अहो माझा नवा मिक्सर! आधी कुकर, आता हा! काही ठेवणार आहात का माझ्या ओट्यावर?"

त्यांनी भिजल्या हाताने पाटी घेतली, लिहिलं आणि माझ्यासमोर धरली. "होऊन राहिलं."

मी आणखी ओरडले. मागे वळले तर जिन्यात सासूबाई उभ्या, पदर तोंडाला लावून. हसत होत्या की रडत होत्या, कळेना. "ओरड वं पोरी," त्या म्हणाल्या, "आखीन ओरड. लय दिवस झाले या घरात कोनी ओरडलं नाही."

मग सगळंच परत आलं. किल्लीची टकटक सुरू झाली, आधी अडखळत, मग सराईत. त्यांना ती इतकी आवडली की जेवताना चमच्याने ताटावरही वाजवत. एक लांब, एक आखूड, मग आखूड आणि लांब असं वाजलं की चहा हवा, हे मी नाइलाजाने शिकले, कारण दिल्याशिवाय वाजवणं थांबत नसे. पळायला सुरुवात झाली, पहिल्यांदा गल्लीच्या टोकापर्यंत. छिद्रात धूळ जाऊ नये म्हणून गळ्याला पातळ रुमाल बांधावा लागे. आयुष्यभर त्यांच्या एकाही उद्योगाला हात न लावलेल्या सासूबाईंनी ते रुमाल क्रोशाने विणायला घेतले. पांढरा, मोरपंखी, जांभळा. लांबून ते पळत येताना आधी रुमालाचा रंग दिसे.

आणि यातूनच माझ्यामागे सगळ्यात मोठं लचांड लागलं. डॉक्टरांनी एकदा मामंजींना विचारलं, मौद्याकडचा एक माणूस ऑपरेशनला तयार नाही, तुम्ही येऊन त्याला भेटाल का? मामंजी लगेच तयार. पण बोलणार कोण? पाटीवर लिहिलेलं वाचून दाखवायला माणूस हवा होता. तो माणूस मी. अर्धी रजा टाकून मी वॉर्डात गेले. त्यांनी पाटी भरून लिहिलं आणि माझ्याकडे दिली. मी वाचलं, "मलाही वाटलं होतं की माझं आयुष्य संपलं."

पाटीवर बोटाच्या पेराने टकटक झाली. त्यांनी पुसलं नाही, फक्त खाली लिहिलं, "जसं लिहिलं तसं वाच."

मी इकडेतिकडे पाहिलं. लहानपणी आमच्या घरात अशी बोली तोंडात आली की वडील रागावत, शाळेत मी मुलांना रागावते. घसा खाकरून मी वाचलं, "मले बी वाटलं होतं का मी मेलो. पन मेलो नाही. भूक लागते. बायको रागावते. सारं तसंच हाय." पलंगावरचा तो माणूस इतका वेळ भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो वळला आणि बायको रागावते या शब्दांवर त्याच्या ओठांची कड हलली. त्यानंतर मामंजींनी रुमाल वर करून त्याला गळ्याचं छिद्र दाखवलं आणि पळता येतं हे पटवायला वॉर्डाच्या बोळातून एक फेरी मारली. सिस्टर माझ्यावर रागावल्या. माफी मी मागितली.

मग हे सुरूच राहिलं. दवाखान्यातून फोन आला की माझी अर्धी रजा गेलीच. मुख्याध्यापिका विचारत, "पुन्हा सासरे?" मामंजींना वेळकाळ नव्हता. बसथांब्यावर कुणी खर्रा घोटताना दिसला तरी ते रुमाल वर करत आणि पाटी माझ्या हातात देत. अनोळखी तरुणांसमोर उभं राहून मी वाचत असे, "फेक ते, नाईतर माह्यासारखी मास्तरीन सोबत घेऊन फिरा लागन." लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं होई. घरी येऊन मी तणतणायची, ते ताटावर चहा वाजवायचे.

अशी बरीच वर्षं गेली. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत कफ साठला. गाठीचं काही नव्हतं. गळ्यातून श्वास घेणाऱ्यांना हा धोका असतोच, डॉक्टर म्हणाले. या खेपेला मामंजींच्या बोटांत पाटी धरायची शक्ती नव्हती. शेवटच्या दुपारी सासूबाईंनी त्यांचा रुमाल बदलला. मामंजींनी बोटाने रुमालाची गाठ सैल करायची खूण केली. सासूबाईंनी ती सैल केली. ते समाधानाने डोळे मिटून पडून राहिले, आणि संध्याकाळ व्हायच्या आत गेले.

सरदारजी जबलपूरहून गाडी करून आले आणि त्यांनीच नितीनबरोबर अँटेना उतरवला. गच्ची आवरायला मला अजून धीर होत नाही. गांडुळं अजून जिवंत आहेत. त्यांना कोण खाऊ घालतं? मीच.

गेल्या महिन्यात दवाखान्यातून पुन्हा फोन आला. मी म्हटलं, "आता मी येऊन काय करू? दाखवायला गळा त्यांचा होता. माझ्याकडे काय आहे?" डॉक्टर म्हणाले, "तरी या."

पलंगावर कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा लिलाव पुकारणारा माणूस होता. त्याचा आवाज अख्ख्या यार्डात घुमत असे, असं त्याच्या बायकोने मला दारातच सांगितलं. आता तो कुजबुजण्याएवढाही नीट निघत नव्हता. त्याने मला बसायला सांगितलं नाही. "ज्याईचा आवाज गेला ते तुमचे कोन?"

"सासरे होते."

"मंग ते नंतर करत काय होते? घरात बसून होते?"

मी काय ठरवून गेले होते ते विसरले. घरात बसून, या शब्दांनी माझं डोकंच फिरलं. मी स्टूल ओढलं आणि सांगायला लागले. कुकर सांगितला, मिक्सर सांगितला, बोळातली पळापळ आणि माझी माफी सांगितली, ताटावरचा चहा, बसथांबा, माझ्या संपलेल्या रजा. थांबावंसं वाटेना. कितीतरी वेळाने माझ्या लक्षात आलं, की मी मले, तुले, काहून असं बोलून राहिले होते आणि माझ्या हातात कुठलीही पाटी नव्हती. शेजारच्या पलंगांवरची माणसं कोपरांवर उठून ऐकत होती.

लिलाववाला खरखरत्या आवाजात म्हणाला, "लय वैतागल्या असान वं बाई तुम्ही."

"रोज," मी म्हणाले.

त्याची बायको पायथ्याशी डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिने डबा खाली ठेवला आणि पुढे होऊन नवऱ्याचं पाऊल धरलं.

"मले बी असंच वैतागू द्या ना जी," ती म्हणाली.